बांध कुठे आहे ते आधी दाखवा

पेटंटचा एखादा खटला बातमीत आला की वाद घालणाऱ्यांच्या लगेच दोन फळ्या पडतात. एका फळीच्या मते एकटादुकटा संशोधक वर्षानुवर्षं खपतो आणि बड्या कंपन्या त्याची कल्पना उचलून कोट्यवधी कमावतात. दुसऱ्या फळीच्या मते स्वतः एकही वस्तू बाजारात न आणता नुसता पेटंटचा कागद दाखवून वसुली करणारे लोक ही नव्या तंत्रज्ञानाच्या वाटेतली धोंड आहे. वायरलेस हेडफोनवरून अमेरिकेत वन-ई-वे या छोट्या कंपनीने जी लढाई लढली, तिच्याकडेही याच दोन चष्म्यांतून पाहिलं जातं. दोन्हीकडचे लोक हा माणूस कोण, एवढंच विचारतात. त्याने पेटंटात नेमकं काय लिहून घेतलंय, ते उघडून बघायच्या भानगडीत फारसं कुणी पडत नाही. माझं म्हणणं असं की पेटंट कुणाच्या हातात आहे आणि तो माल बनवतो की नाही, यावर त्याची योग्यता ठरवूच नये. ती ठरावी हक्काची हद्द किती स्पष्ट आखली आहे यावरून. आणि ज्या मोघम भाषेला छोट्या संशोधकाची ढाल समजलं जातं, ती सगळ्यात आधी त्यालाच बुडवते.

प्रकरण थोडक्यात सांगतो. अर्ल वूल्फोर्क या संशोधकाने २००१ मध्ये डिजिटल वायरलेस हेडफोनच्या एका पद्धतीसाठी अमेरिकेत अर्ज केला. तेव्हाच्या वायरलेस हेडफोनचा त्रास खराच होता. ॲनालॉग लहरींवर चालणारे दोन संच एकाच चॅनेलवर आले की खरखर व्हायची, आणि शेजारच्या घरातला आवाज सरळ आपल्या कानात यायचा. वूल्फोर्कचा उपाय असा: आवाज डिजिटल करायचा, तो स्प्रेड स्पेक्ट्रम पद्धतीने फ्रिक्वेन्सीच्या रुंद पट्ट्यावर पसरवून पाठवायचा, आणि प्रत्येक वापरकर्त्याला वेगळा सांकेतिक क्रमांक द्यायचा, म्हणजे ज्याचं त्यालाच ऐकू येईल. या अर्जातून पुढे पेटंटांची एक मालिकाच निघाली. २०१४ च्या अखेरीस कंपनीने अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे सोनीसह अनेक कंपन्यांविरुद्ध तक्रार केली. वाद अडला तो पेटंटातल्या दाव्यातल्या, म्हणजे हक्काची हद्द सांगणाऱ्या कलमातल्या, एका शब्दसमूहावर: 'व्हर्च्युअली फ्री फ्रॉम इंटरफिअरन्स', म्हणजे जवळजवळ व्यत्ययमुक्त. आयोग म्हणाला, याचा नेमका अर्थ लागत नाही, म्हणून दावा बाद. २०१७ मध्ये फेडरल सर्किट या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी हा निर्णय फिरवला आणि संशोधकाच्या बाजूच्या लोकांना मोठा विजय झाल्यासारखं वाटलं.

हा विजय किती पोकळ होता, त्याकडे येतोच. त्याआधी तंत्र नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळा वाद तिथेच आहे. आजचे इअरबड बघा. डबीचं झाकण उघडायचं, बटण दाबून धरायचं, दिवा लुकलुकायला लागतो, फोनच्या पडद्यावर नाव येतं, त्यावर बोट टेकवलं की जोडी जमली. मग संध्याकाळच्या खच्चून भरलेल्या लोकलमध्ये एकाच्या कानात अभंग, दुसऱ्याच्या कानात क्रिकेटची कॉमेंटरी, तिसऱ्याच्या कानात ऑफिसची मीटिंग, आणि कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. हे सगळे संच बोलतात मात्र २.४ गिगाहर्ट्झच्या त्याच एका पट्ट्यात. वायफाय तिथेच असतो आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच गळतो. नेहमीचं ब्लूटूथ या पट्ट्याचे १ मेगाहर्ट्झचे ७९ चॅनेल करतं आणि सेकंदाला १६०० वेळा एकावरून दुसऱ्यावर उडी मारतं. उड्यांचा क्रम जोडीतल्या मुख्य उपकरणाच्या ४८ बिटांच्या पत्त्यावरून आणि घड्याळावरून ठरतो, म्हणून दोन्ही टोकांना तो ठाऊक असतो. दोन अनोळखी जोड्या एका क्षणी एकाच चॅनेलवर आदळतात का? आदळतात. त्या क्षणाचं पाकीट खराब होतं, ते पुन्हा पाठवलं जातं, आणि ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही. म्हणजे व्यत्यय शून्य झालेला नसतो, तो आवाक्यात आलेला असतो. तेव्हा 'जवळजवळ' हा शब्द खोटा नाही. प्रामाणिक इंजिनिअर तोच वापरेल. प्रश्न इतकाच की जवळजवळ म्हणजे किती?

हा प्रश्न वायरलेसइतकाच जुना आहे. मार्कोनीने १९०० साली ब्रिटनमध्ये ट्यून केलेल्या मंडलांचं (सर्किटांचं) प्रसिद्ध पेटंट घेतलं, क्रमांक ७७७७. आपली यंत्रं विशिष्ट लहरीवर जुळवता येतात, त्यामुळे तशीच न जुळवलेली इतर यंत्रं आपले संदेश पकडू शकत नाहीत, अशी त्याची जाहिरात होती. खासगी आणि व्यत्ययमुक्त, ही दोन्ही आश्वासनं तेव्हाच दिली गेली होती. नेव्हिल मॅस्कलिन या जादूगाराने ती दोन्ही मोडून दाखवली. १९०२ मध्ये त्याने कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर मनोरा उभारून मार्कोनीचे संदेश ऐकले. जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक फ्लेमिंग मार्कोनीच्या तंत्राचं प्रात्यक्षिक दाखवणार होते. संदेश यायच्या आधीच यंत्र मोर्सच्या लिपीत 'रॅट्स, रॅट्स' असं टकटकायला लागलं आणि पाठोपाठ मार्कोनीची टर उडवणाऱ्या ओळी आल्या. मॅस्कलिन त्या जवळूनच सोडत होता. फ्लेमिंगनी चिडून 'टाइम्स'ला पत्र लिहिलं. मॅस्कलिनने उत्तर देऊन हे आपणच केल्याचं कबूल केलं. या घटनांकडे गंमत म्हणून पाहिलं जातं. मला त्यात फार महत्त्वाची गोष्ट दिसते: चोरून ऐकणं वेगळं आणि व्यत्यय आणणं वेगळं. १९०२ ला पहिलं घडलं, १९०३ ला दुसरं. एकापासून संरक्षण असलं म्हणजे दुसऱ्यापासून असतंच असं नाही. हे शंभर वर्षांपूर्वी भर सभेत सिद्ध झालं होतं.

आता २०१७ चा निकाल पाहा. बहुमताच्या न्यायाधीशांनी 'जवळजवळ व्यत्ययमुक्त' याचा अर्थ लावला तो असा, की एका वापरकर्त्याचं दुसऱ्याला चोरून ऐकता येऊ नये. अर्जाच्या काळात संशोधकाच्या बाजूने पेटंट कार्यालयाला जी उत्तरं दिली गेली होती, त्यांतून हा अर्थ काढला गेला. निष्पाप माणसाचं पेटंट एका शब्दापायी जाऊ नये, ही त्यामागची भावना मला कळते. पण व्यत्ययाच्या जागी चोरून ऐकणं बसवलं की दाव्यातला 'जवळजवळ' करतो काय? चोरून ऐकू येतं किंवा येत नाही. जवळजवळ येत नाही म्हणजे काय? तेव्हाच्या मुख्य न्यायाधीश शॅरन प्रोस्ट यांनी वेगळं मत नोंदवलं ते याच मुद्द्यावर, आणि मला त्यांचंच बरोबर वाटतं. कागदावर असलेली हद्द न्यायालयाने वाचायची असते. कागदावर ती नसेल तर न्यायालयाने दहा-पंधरा वर्षांनी ती आखून देणं हे दयाळूपणाचं असेल, पण मधल्या काळात ज्यांनी हेडफोन बनवले त्यांनी कुठल्या रेषेच्या अलीकडे राहायला हवं होतं?

शेतजमिनीचा बांध ज्याने पाहिलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. सातबाऱ्यावर नाव आहे, क्षेत्र आहे, पण जागेवर बांध नाही, अशा जमिनीचा मालक सुखी नसतो. शेजारी नांगर पुढे सरकवत राहतो, मोजणी होते, हरकत येते, पुन्हा मोजणी होते, आणि जमिनीच्या किमतीइतका पैसा कोर्टाच्या पायऱ्या चढण्यात जातो. त्यात ज्याच्याकडे वकिलाला द्यायला जास्त पैसा आहे तो टिकतो. वन-ई-वेचं पुढे तेच झालं. 'जवळजवळ'ची लढाई जिंकल्यावर कंपनी ॲपलशी लढली. तिथे 'युनिक यूझर कोड' हे शब्द आडवे आले. न्यायालयाने त्यांचा अर्थ असा घेतला की हा क्रमांक एका वापरकर्त्याशी जोडलेला हवा. ब्लूटूथमध्ये क्रमांक असतो उपकरणाचा. ते माझ्या कानात आहे की माझ्या मुलीच्या, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ॲपल जिंकली आणि २०२२ मध्ये फेडरल सर्किटने तो निकाल कायम केला. २००१ पासून २०२२ पर्यंत एकवीस वर्षं. एका मोघम शब्दाने माणसाला आशेवर ठेवलं आणि दुसऱ्या शब्दाने खेळ संपवला. पहिल्या दिवशीच पेटंट कार्यालयाने 'या दोन शब्दांत तुम्हाला काय अभिप्रेत आहे ते लिहा' म्हणून अर्ज परत पाठवला असता, तर ती खरी मदत झाली असती.

यावर सगळ्यात जोरदार आक्षेप असा: स्पष्टतेचा आग्रह धरला की दावा अरुंद होतो, आणि अरुंद दाव्याला वळसा घालणं बड्या कंपनीच्या हातचा मळ. संशोधकाने '७९ चॅनेल' लिहिलं की नक्कल करणारा ८० घेणार. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १८५४ मध्ये अगदी असंच प्रकरण आलं होतं. रॉस विनन्स याने कोळसा वाहायला शंकूच्या आकाराचा रेल्वे डबा बनवला. गोल घेरामुळे कोळशाचा भार सगळीकडे सारखा पडायचा, म्हणून पातळ पत्रा पुरायचा आणि डबा हलका राहायचा. पेटंटात त्याने शंकूचा आकार लिहिला. प्रतिस्पर्ध्याने अष्टकोनी डबा केला आणि म्हणाला, हा कुठे शंकू आहे? न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी विनन्सची बाजू घेतली. अष्टकोनाने तोच भार त्याच पद्धतीने वाटून घेतला होता, मग कोपरे मोजत बसण्यात अर्थ नव्हता. ज्यांना मोघम दाव्यांचा बचाव करायचा आहे त्यांच्यासाठी याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण त्याच न्यायालयाने त्याच वर्षी मोर्सच्या तारयंत्राचा खटलाही निकालात काढला, आणि तो या उदाहरणाशेजारी ठेवून वाचला पाहिजे. मोर्सने पेटंटातल्या आठव्या दाव्यात वीजचुंबकीय शक्ती वापरून दूरवर अक्षरं उमटवण्याचा हक्क मागितला होता, यंत्र कुठलंही असो. न्यायालयाने त्याचे बाकीचे दावे राखले आणि हा एक नाकारला. कारण साधं होतं. मोर्सने एक रीत शोधली होती आणि मागितला होता परिणाम. उद्या कुणी वेगळ्या, अधिक चांगल्या रीतीने तोच परिणाम साधला, तर त्याने मोर्सची परवानगी का घ्यावी? विनन्सने रीत सांगितली, न्यायालयाने तिच्या भावंडांनाही संरक्षण दिलं. मोर्सने रीतच काढून टाकली, न्यायालयाने हात आखडता घेतला. हद्द स्पष्ट आखून मग तिच्या आसपासच्या नकलांना अडवता येतं. हद्दच न आखता सगळं माळरान आपलं म्हणता येत नाही. 'व्यत्ययमुक्त खासगी श्रवण' हा परिणाम आहे. तो कुणाच्याच मालकीचा होऊ नये. तो साधण्याची एखादी रीत ज्याने शोधली, त्याला त्या रीतीचा पुरेपूर हक्क मिळावा, तिच्या अष्टकोनी नकलांसकट.

दुसरा आक्षेप माल न बनवणाऱ्यांबद्दलचा, आणि इथे मी दुसऱ्या फळीच्या पूर्ण विरोधात आहे. स्वतः उत्पादन न करणं हा गुन्हा का मानावा? हेडी लमार ही हॉलिवूडची नटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांनी पाणतीर वायरलेसवर हाकण्यासाठी फ्रिक्वेन्सी बदलत राहण्याची युक्ती काढली, म्हणजे शत्रूला एका लहरीवर गोंगाट करून तो भरकटवता येणार नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. ते पाणतीर बनवणार होते का? शक्यच नव्हतं. पण पेटंट उघडून बघा. पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही टोकांना स्वयंचलित पियानोत असतात तशा भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्या, दोन्ही एकाच वेळी सुटणाऱ्या, एकाच वेगाने सरकणाऱ्या, आणि पियानोच्या पट्ट्यांइतक्याच ८८ फ्रिक्वेन्सी. वाचणाऱ्या कुणालाही कळावं की हे आमचं आहे आणि याच्या पलीकडचं आमचं नाही. 'ब्लूटूथ हेडी लमारने शोधलं' असं हल्ली सर्रास लिहिलं जातं, ते अतिशयोक्त आहे. फ्रिक्वेन्सी बदलण्याच्या कल्पना तिच्या आधीही मांडल्या गेल्या होत्या. तिने काय शोधलं ते मात्र निर्विवाद सांगता येतं, कारण तिने ते नीट लिहून ठेवलं. त्यातून तिला पैसा मिळाला नाही. नौदलाने ते तेव्हा वापरलं नाही आणि १९५९ मध्ये मुदत संपली. हेही मान्य केलं पाहिजे: स्पष्ट लिहिलेलं पेटंट पोट भरेलच असं नाही. काळाच्या पुढे असण्याची किंमत कुठलाही कायदा भरून देऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप हल्ली तरुण इंजिनिअरांकडून जास्त ऐकू येतो: या क्षेत्रात पेटंटच नकोत. अमेरिकेने १९८५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा स्प्रेड स्पेक्ट्रमसाठी परवान्याविना खुला केला. एरिक्सन कंपनीच्या याप हार्टसेनने १९९४ पासून ब्लूटूथवर काम केलं, आणि १९९८ मध्ये कंपन्यांनी गट करून ते एकमेकांना रॉयल्टीशिवाय वापरू दिलं. भारतानेही २००५ मध्ये हाच पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. खुलेपणाने हे सगळं घडवलं, हे खरं. पण हा खुलेपणा पेटंट नसलेल्यांनी घडवलेला नाही. ज्यांच्याकडे पेटंटं होती त्यांनी ती गटापुरती मोकळी केली. ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याला या टेबलावर खुर्ची कुणी दिली असती? पेटंट रद्द केल्याने एकट्या संशोधकाची बाजू बळकट होत नाही. त्याच्या हातातलं एकमेव पान तेवढं जातं.

भारतात हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. एरिक्सन विरुद्ध लावा या मोबाइलच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये लावाला २४४ कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितलं. आपल्याकडे इअरबड बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्या वाढताहेत, त्यांच्या दारातही असे खटले येणार. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम १० स्पष्ट सांगतं की दावे सुस्पष्ट आणि संक्षिप्त हवेत, आणि विवरणात जे उघड केलंय त्यावर आधारलेले हवेत. दाव्याची व्याप्ती नीट सांगितलेली नसणं हे पेटंट रद्द करण्याचंही एक कारण आहे. कायदा चांगला आहे. तो वापरायचा कुणी? मुंबईत अँटॉप हिलला पेटंट कार्यालयात बसलेल्या परीक्षकाने. म्हणून 'जास्त पेटंटं, जास्त प्रगती' हे जे मोजमाप आपण धरून बसलोय त्याची मला काळजी वाटते. परीक्षकाला नुसती निकालात काढलेल्या अर्जांची संख्या विचारली, तर 'जवळजवळ' हा शब्द त्याच्या टेबलावरून सुटणारच, आणि मग पंधरा वर्षांनी तो उच्च न्यायालयापुढे येणार, तोवर कुणाचा तरी कारखाना उभा राहिलेला असणार.

'खासगी' या शब्दाचीही तीच गत. २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की ब्लूटूथच्या दोन उपकरणांमध्ये गुप्ततेच्या किल्लीची लांबी ठरत असताना तिसऱ्याने मध्ये घुसून ती १६ बाइटवरून १ बाइटवर आणता येते. एका बाइटची किल्ली म्हणजे २५६ शक्यता. संगणक त्या क्षणात तपासतो. किल्ली १ बाइटची असली तरी शेजाऱ्याला तुमचं गाणं ऐकू येत नाहीच. मग ते ऐकणं खासगी म्हणायचं की नाही? कुणापासून खासगी, सहप्रवाशापासून की मुद्दाम यंत्र घेऊन बसलेल्यापासून? हे न सांगता नुसतं 'खासगी श्रवण' लिहिणारा दावा मॅस्कलिनच्या काळात जितका उघडा होता तितकाच आजही आहे.

हे सगळं २००१ साली आकड्यांत लिहिणं शक्य नव्हतं, असं मला कुणी सांगू नये. ब्लूटूथच्या मानकात रेडिओला उणे ७० डीबीएम (संदेशाच्या ताकदीचं माप) इतक्या क्षीण संदेशावरही हजारात एकापेक्षा जास्त बिट चुकवता येत नाही, आणि त्याच चॅनेलवरच्या दुसऱ्या संदेशापेक्षा आपला संदेश ११ डेसिबलने वरचढ असेल तर तो नीट वाचता आलाच पाहिजे. किती क्षीण, किती चुका, समोर किती गोंगाट, सगळं नोंदलेलं आहे आणि कुठल्याही प्रयोगशाळेत तपासता येतं. पेटंटाच्या दाव्यातही किती अंतरावर, आसपास किती संच चालू असताना आणि किती चुका होईपर्यंत त्याला व्यत्ययमुक्त म्हणायचं, हे तीन ओळींत मावलं असतं. परीक्षकाने त्या तीन ओळी मागायच्या, आणि त्या येईपर्यंत अर्जावर सही करायची नाही.